योबेल वर्ष आणि सणांवरून प्रभूच्या येण्याची तारीख निघते का?

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र नीट वाचलं. मंडळीत आलेल्या पाहुण्या उपदेशकांनी शिकवलं की इस्राएल कनानात शिरल्यापासूनचं सत्तरावं योबेल (सात-सात वर्षांच्या सात आवर्तनांनंतर येणारं मुक्ततेचं वर्ष) आता लागलं आहे, म्हणून येत्या एखाद्या कर्ण्यांच्या सणाला, म्हणजे यहुदी वर्षारंभाला, प्रभू येऊन विश्वासणारे वर घेतले जाणार. ते ऐकून तुमच्या काकांनी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडली आणि ‘योबेलात कर्जं सुटतात’ म्हणून सोसायटीच्या पीककर्जाचे हप्तेही थांबवले. हा हिशेब शास्त्राला धरून आहे का आणि काकांशी काय बोलावं, असं तुम्ही विचारता.

जुना करार शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे, आणि प्रभू परत येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याच विश्वासाने सांगतो: प्रभू येईल तेव्हा काय करील, हे योबेल आणि सण फार सुंदर सांगतात. कधी येईल, हे त्यांतून निघत नाही. काकांना नुसतं ‘तो दिवस कोणाला ठाऊक नाही’ हे वचन ऐकवून उपयोग नाही, ते त्यांना पाठ असणार. म्हणून हिशेबच मांडून दाखवतो.

आधी लेवीय २५ उघडा. सात वर्षांची सात आवर्तनं, म्हणजे एकोणपन्नास वर्षं मोजायची. मग सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर रणशिंग फुंकायचं आणि पन्नासावं वर्ष पवित्र मानायचं. त्या वर्षी पेरणी-कापणी नाही. गरिबीपायी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. गरिबीपायी दुसऱ्याच्या चाकरीला राहिलेला इस्राएली भाऊ मुलाबाळांसह मोकळा. कारण तेविसाव्या वचनात दिलं आहे: जमीन देवाची आहे, तुम्ही तिच्यावर उपरे आहात, म्हणून ती कायमची विकायची नाही.

किंमत कशी ठरे, तेही तिथेच आहे. आपल्याकडे जमीन ठरावीक वर्षांच्या खंडाने देतात, जवळपास तसा हा व्यवहार होता. योबेलाला चाळीस पिकं बाकी असतील तर भाव जास्त, तीनच पिकं बाकी असतील तर कमी. विकणारा जमीन विकतच नसे, तो पिकं विकत असे. तटबंदीच्या शहरातलं घर मात्र वर्षाच्या आत सोडवलं नाही तर कायमचं जाई, योबेलातही परत येत नसे. इतका बारीक, व्यवहारी कायदा आहे हा. शेतकरी कुटुंबातल्या माणसाला तो पटकन समजतो, आणि काकांना तो आवडेल असं मला वाटतं.

आता त्यांच्या हप्त्यांकडे येऊ. लेवीय २५ मध्ये कर्जमाफीचा नियम नाही. तो अनुवाद १५ मध्ये आहे, दर सातव्या वर्षासाठी, आणि तो कर्ज देणाऱ्याला सांगितलेला आहे: आपल्या भावाकडून वसुली करू नकोस. घेणाऱ्याने आपण होऊन फेड थांबवावी, असं मोशेच्या नियमशास्त्रात कुठेही नाही. उलट स्तोत्र ३७:२१ म्हणतं की उसनं घेऊन परत न करणं हे दुर्जनाचं लक्षण आहे. सोसायटीने कर्ज सोडलेलं नाही, तेव्हा काकांच्या डोक्यावर ते आहेच.

मग ‘सत्तरावं योबेल’ कुठून आलं? त्याचा हिशेब असा. १ राजे ६:१ प्रमाणे मिसर सोडल्यापासून ४८० व्या वर्षी शलमोनाने मंदिर बांधायला घेतलं. ते इ.स.पू. ९६६ धरलं तर मिसरातून निघाले इ.स.पू. १४४६ मध्ये, आणि चाळीस वर्षं रानात काढून कनानात शिरले १४०६ मध्ये. तिथून ४९ वर्षांची सत्तर योबेलं, म्हणजे ३४३० वर्षं मोजा. इसवी सनात शून्य वर्ष नाही हे लक्षात ठेवलं तर उत्तर येतं २०२५. म्हणून गेली काही वर्षं ही शिकवण एवढ्या जोरात आहे.

पण या हिशेबातली प्रत्येक पायरी कोणीतरी निवडलेली आहे. योबेल ४९ वर्षांचं की ५० चं? पन्नासावं वर्ष हेच पुढच्या आवर्तनाचं पहिलं वर्ष धरायचं, की ते वेगळं ठेवून पुढे मोजायचं, यावर तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रब्बींचा उघड वाद नोंदलेला आहे: रब्बी यहूदा एकीकडे, बाकीचे पंडित दुसरीकडे. ५० ने मोजलं की तेच सत्तरावं योबेल २०९५ मध्ये जातं. दुसरी पायरी सुरुवातीची. त्याच तालमूदमध्ये म्हटलं आहे की देश जिंकायला सात आणि वाटून घ्यायला सात अशी चौदा वर्षं गेल्यावरच मोजणी सुरू झाली. ती चौदा वर्षं सोडली तर ४९ च्या हिशेबाने २०३९ येतं. तिसरी पायरी मिसर सोडल्याच्या काळाची. बरेच अभ्यासक ती घटना तेराव्या शतकात ठेवतात. कनानप्रवेश इ.स.पू. १२२० च्या सुमाराचा धरा, म्हणजे उत्तर २२११ च्या आसपास जातं. एकाच शास्त्रातून २०२५, २०३९, २०९५ आणि २२११. यांतलं एक उचलून व्यासपीठावरून ‘देवाने दाखवलं’ म्हणून सांगणं मला गंभीर वाटतं.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. लेवीय २५:१० म्हणतं की देशातल्या सर्व रहिवाशांसाठी मुक्तता जाहीर करा. यहुदी परंपरेने ‘सर्व’ हा शब्द काटेकोर धरला. अश्शूरी राजा तिग्लथ-पिलेसर याने रऊबेन, गाद आणि मनश्शेच्या अर्ध्या वंशाला पकडून नेलं, तेव्हापासून सर्व रहिवासी देशात उरले नाहीत, म्हणून योबेल लागू होणंच थांबलं, असं तालमूद सांगतो. आजच्या इस्राएलात सातव्या वर्षाचा जमिनीचा विसावा, म्हणजे शमिता, पाळला जातो. यहुदी सन ५७८२, म्हणजे २०२१-२२, हे शेवटचं शमिता वर्ष होतं आणि पुढचं ५७८९ मध्ये, २०२८-२९ ला येईल. योबेल मात्र तिथे जाहीर होत नाही. ज्या लोकांना हा नियम दिला, त्यांच्याकडेच आज योबेलाचं चालू वर्ष नाही.

तुम्ही पाठवलेल्या चित्रातला १९१७, १९६७, २०१७ चा हिशेबही पाहू. १९१७ मध्ये यहुद्यांना पॅलेस्टाइनात राष्ट्रगृह देऊ म्हणणारा ब्रिटनचा बाल्फोर जाहीरनामा आला आणि ब्रिटिश जनरल ॲलनबी जेरुसलेमात शिरला. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात जुनं जेरुसलेम इस्राएलच्या हाती आलं. ६ डिसेंबर २०१७ ला अमेरिकेने जेरुसलेमला राजधानी म्हणून मान्यता दिली. पन्नास आणि पन्नास, पाहताक्षणी पटतं. पण योबेल यहुदी वर्षाने मोजायचं असतं आणि ते वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं. २ नोव्हेंबर १९१७ हा दिवस यहुदी सन ५६७८ मधला. ७ जून १९६७ हा ५७२७ मधला. ६ डिसेंबर २०१७ हा ५७७८ मधला. वजाबाकी करा: पहिलं अंतर ४९ वर्षांचं, दुसरं ५१ वर्षांचं. ४९ चा नियम धरला तर १९६७ बसतं पण २०१७ बसत नाही. ५० चा धरला तर दोन्ही बसत नाहीत. पन्नास-पन्नासचा मेळ फक्त भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरात आहे, आणि मोशेने ते कॅलेंडर वापरलं नव्हतं. बाराव्या शतकातल्या एका जर्मन रब्बीने हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, असंही त्या चित्राखाली छापलं आहे. त्यांच्या कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर, ते छापलेलं नाही. पत्ता नसलेल्या भविष्यवाणीवर मुलीचं शिक्षण सोडू नये.

आता सण. लेवीय २३ मधले सात सण असे शिकवतात: वसंतातले चार (वल्हांडण, बेखमीर भाकर, प्रथमफळ, पन्नासावा दिवस) पहिल्या आगमनात नेमक्या त्याच तारखांना पूर्ण झाले, म्हणून शरदातले तीन (कर्णे, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडव) दुसऱ्या आगमनात तसेच नेमक्या तारखांना पूर्ण होणार. यातला पहिला भाग मी स्वतः आनंदाने शिकवतो. ख्रिस्त आपला वल्हांडणाचा कोकरा आहे, असं पौल १ करिंथ ५:७ मध्ये स्पष्ट म्हणतो. पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थित प्रभूला प्रथमफळ म्हणतो. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, हे प्रेषितांची कृत्ये २ मध्ये आहे. इथवर शास्त्र आपल्याबरोबर चालतं.

अडचण ‘उरलेल्या तीन’मध्ये आहे. प्रायश्चित्ताचा दिवस अजून पूर्ण व्हायचा आहे, असं म्हणायला इब्री लोकांस पत्र आड येतं. त्याचे नववा आणि दहावा अध्याय सांगतात की महायाजक वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात रक्त घेऊन जाई, ते काम ख्रिस्ताने एकदाच आणि कायमचं करून टाकलं. मांडवांच्या सणाचंही तसंच. योहान ७ मध्ये सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी प्रभू उभा राहून म्हणतो की ज्याला तहान लागली आहे त्याने माझ्याकडे यावं. म्हणजे या सणाचा अर्थही पहिल्याच आगमनात उलगडू लागला. त्याच वेळी जखऱ्या १४ मध्ये राष्ट्रं पुढे येणाऱ्या दिवसांत मांडवांचा सण पाळतात, म्हणून त्याचा काही भाग पुढचाही आहे, हे मी मान्य करतो. एकेका सणात झालेलं आणि होणारं असं दोन्ही आहे. चार इकडे आणि तीन तिकडे ही वाटणी शास्त्राने केलेली नाही.

शिवाय सणाची तारीख कोणाच्या पंचांगाची? प्रथमफळाची पेंढी ओवाळायचा दिवस ‘शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी’ आहे. तो शब्बाथ कोणता, यावर परूशी आणि सदूकी या यहुदी पंथांचं मंदिर उभं होतं तेव्हाच जमत नव्हतं. मृत समुद्राकाठच्या कुम्रान वस्तीतले यहुदी ३६४ दिवसांचं वर्ष मानत, त्यामुळे त्यांचे सण वेगळ्याच दिवशी पडत. आजचं ठरावीक गणिताचं यहुदी पंचांग प्रभूच्या काळानंतरचं आहे; त्या काळी चंद्रकोर पाहिलेल्या साक्षीदारांच्या साक्षीवर महिना लागे.

कर्ण्यांचा सण महिन्याच्या पहिल्याच दिवशी येतो, म्हणून कोर दिसेपर्यंत त्याचा दिवस नक्की नसे. याच चंद्रदर्शनावरून आणखी एक शिकवण निघाली आहे, तुमच्या उपदेशकांनीही ती सांगितली: ‘तो दिवस व ती घटका कोणाला ठाऊक नाही’ हे कर्ण्यांच्या सणाचंच टोपणनाव होतं, म्हणून प्रभूने खरं तर तारीख सांगूनच ठेवली. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या यहुदी नियमसंग्रहात, या सणाचा अख्खा भाग आहे. साक्षीदारांना जेरुसलेममधल्या कोणत्या वाड्यात बसवत, त्यांना जेवण कसं देत, चंद्राची कोर कोणत्या दिशेला झुकली होती असं काय काय विचारत, डोंगरांवर मशाली हलवून बातमी बाबेलपर्यंत कशी पोचवत, हे सगळं त्यात आहे. हे टोपणनाव मात्र त्यात नाही. आणि मत्तय २४:३६ पुरं वाचा: देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. जो सण देशातल्या मेंढपाळालाही ठाऊक, त्याचं हे वर्णन असेल कसं?

अशा हिशेबांचा इतिहास काकांना जरूर सांगा, पण हिणवून नको, कारण त्यांत प्रामाणिक माणसं होती. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, कारण कराईट, म्हणजे रब्बींची परंपरा न मानणाऱ्या यहुदी पंथाच्या, गणनेने तो प्रायश्चित्ताचा दिवस येतो असा त्यांचा हिशेब होता. बहुतेक यहुद्यांनी त्या वर्षी तो सण २३ सप्टेंबरलाच पाळला होता. काही शेतकऱ्यांनी उभी पिकं काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिकं तशीच होती आणि कित्येकांचा विश्वास मोडला. १९८८ मध्ये एडगर व्हिजनंट यांनी ११ ते १३ सप्टेंबर, म्हणजे त्या वर्षीचा कर्ण्यांचा सण सांगितला. २०१४-१५ ला वल्हांडण आणि मांडवांचा सण यांवर चार चंद्रग्रहणं आली म्हणून खळबळ झाली. हे दोन्ही सण पौर्णिमेचेच आहेत आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं, शिवाय त्या चारांतलं शेवटचं एकच जेरुसलेममधून दिसलं. २०२५ च्या सप्टेंबरातली दक्षिण आफ्रिकेतल्या उपदेशकाची तारीख तर तुमच्याही मोबाइलवर आली असेल.

तुम्ही विचारलेलं रोमन कॅथलिक मंडळीचं २०२५ चं ज्युबिली वर्ष वेगळं आहे. ती परंपरा पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० मध्ये सुरू केली आणि १४७० पासून तिचं अंतर पंचवीस वर्षांचं ठरलं. वसईच्या किंवा गोव्याच्या मैत्रिणी त्याबद्दल बोलत असतील तर त्याचा या हिशेबाशी संबंध जोडू नका.

मग भविष्यवाणीत योबेलाला जागा आहे की नाही? फार मोठी आहे, आणि तारखांच्या नादात तीच हातची जाते याचं मला मनापासून दुःख होतं.

यिर्मया ३४ वाचा. बाबेलचं सैन्य जेरुसलेमला वेढा घालून बसलं आहे. घाबरलेला राजा सिद्कीया लोकांकडून करार करवून घेतो आणि सगळे इब्री दास-दासी मोकळे होतात. मग वेढा थोडा सैल पडतो, आणि मालक त्याच माणसांना पुन्हा धरून आणतात. त्यावर देव म्हणतो: तुम्ही आपल्या भावांची मुक्तता जाहीर केली नाही, तर पाहा, मी तुमच्याविरुद्ध तलवार, मरी आणि दुष्काळ यांना मुक्त करतो. संदेष्ट्याने वर्ष मोजलेलं नाही. सुटलेला माणूस सुटलेला राहिला का, एवढंच पाहिलं. २ इतिहास ३६:२१ मध्ये सत्तर वर्षांच्या बंदिवासात जमिनीने आपले राहिलेले शब्बाथ भोगून घेतले असं म्हटलं आहे, तेही याच न्यायाने.

मग यशया ६१: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष. ही योबेलाची भाषा आहे. मृत समुद्राकाठी कुम्रानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये एक फाटकी गुंडाळी सापडली, प्रभूच्या जन्माआधीच्या काळातली. तिच्यात लेवीय २५, अनुवाद १५ आणि यशया ६१ एकत्र ओवून लिहिलं आहे की दहाव्या योबेलाच्या शेवटी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मलकीसदेक (अब्राहामाला आशीर्वाद देणारा याजक-राजा) येऊन मुक्तता जाहीर करील. दहा गुणिले एकोणपन्नास म्हणजे चारशे नव्वद वर्षं, दानीएलाच्या भविष्यवाणीतले सात-सात वर्षांचे सत्तर सप्तक. योबेलं मोजून शेवटाची वाट पाहणारे लोक तेव्हाही होते.

अशा वातावरणात प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहिला. यशयाची गुंडाळी हातात घेतली, ‘प्रसादाचं वर्ष’ इथवर वाचली, सूड घेण्याच्या दिवसाचे पुढचे शब्द न वाचता ती गुंडाळून सेवकाला दिली आणि खाली बसला. मग म्हणाला की हे वचन आज, तुमच्या ऐकण्यात, पूर्ण झालं आहे. लूक वर्षांच्या बाबतीत किती चोख आहे पाहा: आधीच्याच अध्यायात तो तिबिर्य कैसराचं पंधरावं वर्ष, पिलात, हेरोद, हन्ना, कयफा सगळं नोंदवतो. ते पंचांगातलं योबेल वर्ष होतं की नव्हतं, याबद्दल मात्र एक अक्षर लिहीत नाही. योबेल लागलं ते प्रभू तिथे होता म्हणून. न वाचलेला भाग तो परत येईल तेव्हा पुरा होईल, आणि शेवटला कर्णा वाजेल तेव्हा मरणाच्या ताब्यातले आपले लोक सुटतील. मी प्रेतयात्रेत योबेलावर बोलतो ते याच आशेने.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांनी आपल्याच मराठीत प्रायश्चित्ताच्या दिवसाला दार फाळणीचा सण आणि वर्षारंभाला नव्याचा सण म्हणत हे दिवस कित्येक पिढ्या जपले. दारं लावायची, उपास करायचा, देवापुढे राहायचं. सणाकडे असंही बघता येतं, हे काकांना सांगायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मंडळीत सर्वांसमोर काकांशी वाद घालू नका. घरी, काकू असताना बसा आणि कागदावर दोन्ही हिशेब त्यांनाच करू द्या, ४९ चा आणि ५० चा. मग थेस्सलनीकाकरांस लिहिलेलं दुसरं पत्र एका बैठकीत वाचा. प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं कोणीतरी पौलाच्या नावाने पसरवत होतं, तेव्हा तो म्हणाला घाबरून जाऊ नका. आणि काम सोडून फिरणाऱ्यांना त्याने शांतपणे आपलं काम करून आपली भाकर खायला सांगितलं.

सोसायटीच्या सचिवांना या आठवड्यातच भेटा. खातं थकबाकीत गेलं की वेळेत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. ठेवीचे पैसे अजून घरात असतील तर मुलीच्या नावे परत ठेवा. ते कोणाला अर्पण म्हणून दिले असतील तर तुमच्या पाळकांना सांगा आणि त्यांच्यामार्फत विचारणा करा. मुलीच्या शिक्षणाचा पैसा आहे, यात संकोच नको.

काका माझ्याशी बोलायला तयार असतील तर मला आनंद होईल. येताना त्यांनी त्या उपदेशकांचं ऐकताना लिहून घेतलेली वही आणावी. मोजणी कोणत्या वर्षापासून धरली आणि का, हे तिच्यात लिहिलं आहे का ते आधी बघू, आणि नसेल तर तिथूनच बोलायला सुरुवात करू.